कर्णा, डबा आणि आपला कान

घरात गाणे ऐकण्यासाठी कोणता स्पीकर घ्यावा, हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही रसिकांस येईल. दुकानात जावे, खिशास परवडेल तो डबा उचलावा आणि घरी आणून वाजवावा. यात इतिहास तो कसला? आमचे म्हणणे असे की, या वस्तूला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळेच भजन ऐकणाऱ्या घरात नाचगाण्याचा डबा येऊन पडतो व ख्याल ऐकणारा मनुष्य भोंग्यासारखा कर्कश आवाज निमूटपणे सोसतो. आजवर निघालेला प्रत्येक ध्वनिक्षेपक कोणत्या ना कोणत्या विशिष्ट कामासाठी जन्मास आलेला आहे. सभेसाठी निघालेला वेगळा, चित्रपटगृहासाठी निघालेला वेगळा, बातम्या ऐकण्यासाठी निघालेला वेगळा. आपले काम कोणते हे ज्याने ठरविले नाही, त्याच्या गळ्यात दुसऱ्याच्या कामाची वस्तू पडते. (आम्ही ‘पेटी’ न म्हणता ‘डबा’ म्हणत आहो, याचे कारण उघड आहे. पेटी म्हटले की मराठी माणसास हार्मोनियम आठवते.)

जालना जिल्ह्यास हा विषय अधिक लागू पडतो, असे आम्हांस वाटते. आमच्याकडे गाणे नाही असे मुळीच नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. गणपतीची जी आरती महाराष्ट्रातल्या घराघरांत टाळ्या आणि टाळ यांच्या साथीने म्हटली जाते, ती परंपरेने त्यांच्याच नावावर आहे. अंबडास दत्तजयंतीच्या उत्सवात गवयांनी हजेरी लावावी अशी रीत आहे. गावोगाव भजनी मंडळे आहेत, गोंधळ्यांचे संबळ आहे, दर्ग्यांतून कव्वाली आहे, वस्त्यावस्त्यांतून भीमगीते आहेत. पण पुण्यामुंबईच्या रसिकास बडा गवई दहा पावलांवर बसलेला जसा वर्षातून अनेकदा ऐकावयास मिळतो, तसा तो आम्हांस मिळत नाही. आमचा ख्याल, आमचे नाट्यगीत, आमची ठुमरी ही बहुतांशी यंत्रातून आली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात, पुढे औरंगाबाद जिल्ह्यात आणि 1 मे 1981 पासून स्वतंत्र जिल्हा म्हणून, अशी राजवटीची पाने उलटत गेली. यंत्रातून गाणे ऐकण्याची रीत मात्र चालूच राहिली. ज्याची मैफल म्हणजेच स्पीकर, त्याने स्पीकर निवडताना निष्काळजीपणा करून कसे चालेल?

आरंभ कर्ण्यापासून करावा लागतो. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यास गौहरजान हिच्या गाण्याच्या तबकड्या भरून घेतल्या. त्या वेळी गाणे भरण्याच्या कामी विजेचा काडीइतका संबंध नव्हता. गाणाराने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या आवाजाने पडदा थरथरावयाचा, पडद्यास जोडलेल्या सुईने मेणावर रेघ उमटवावयाची. ऐकताना हाच क्रम उलटा. सुई, पडदा, कर्णा. या कर्ण्याचा गळा मोठा अरुंद होता. दर सेकंदास साधारण अडीचशे कंपनांच्या खालचे आणि अडीच हजारांच्या वरचे फारसे काही त्यातून जात नसे. शिवाय तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. तासभर चालणारा ख्याल एवढ्याशा वेळात आटोपावयाचा म्हणजे आलापीस कात्री लागणारच. तंबोरा तर त्या खरखरीत बुडूनच जाई.

येथे एक शंका येते. पुरुष गवई जर काळी एकच्या स्वरात गात असेल, तर त्याचा मध्य षड्ज सुमारे 138 कंपनांचा. कर्ण्यास अडीचशेच्या खालचे झेपत नाही. मग गवयाचा मूळ षड्ज तबकडीवर उमटलाच नाही, असे होते! तरीही आमच्या आजोबा-पणजोबांनी त्या तबकड्या ऐकून सूर ओळखले, चिजा पाठ केल्या. हे कसे घडले? याचे उत्तर यंत्रात नसून कानात आहे. कोणताही स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर त्याच्या संगतीस असतात. मूळ स्वर गळून पडला आणि उपस्वर शिल्लक राहिले, तरी कान त्या उपस्वरांच्या अंतरांवरून मूळ स्वर कोणता असला पाहिजे हे हुडकतो आणि तो ऐकू आल्याचा भास करून देतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1905 च्या सुमारास भरलेल्या तबकड्या लोकांनी ऐकल्या त्या अशा. अर्ध्या कर्ण्यातून आणि अर्ध्या स्वतःच्या डोक्यातून.

म्हणून वाईट यंत्रातून संगीत पोहोचतच नाही, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाने लहानपणी खाँसाहेबांच्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकीकत महाराष्ट्रास सुपरिचित आहे. ती तबकडी वाजविणारे यंत्र आजच्या मोजमापाने टाकाऊच ठरले असते. पण त्यावरून कोणताही डबा चालतो असा निष्कर्ष काढणे हा भाबडेपणा होईल. भीमसेनांना त्या तबकडीने गाणे पुरविले नाही. गाण्याची तहान लाविली. तहान भागविण्यास त्यांना गावे पालथी घालावी लागली आणि शेवटी सवाई गंधर्वांच्या घरी राबावे लागले. आपण घरी बसून तहान भागवू पाहतो; आपल्या यंत्रावर अधिक भार पडतो.

गमतीची गोष्ट अशी की, शंभरावर वर्षे लोटून आपण पुन्हा त्याच कर्ण्यापाशी येऊन थांबलो आहो. हातातल्या मोबाईलचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा. चार-पाचशे कंपनांच्या खाली त्याची शक्ती संपते. वरच्या बाजूस तो 1905 च्या कर्ण्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे, पण खालच्या बाजूस त्याहूनही दरिद्री. डग्ग्याचा घुमारा त्यात नाही, तंबोऱ्याचा खर्ज नाही, पखवाजाची धूम नाही. ज्या तरुण मुलांनी अभंग केवळ मोबाईलवर ऐकले आहेत, त्यांनी पखवाज ऐकलेला नाही. पखवाजाची वाजणारी एकच बाजू ऐकलेली आहे. आणि हे दुकानदार सांगत नाही, कारण त्यासही ते माहीत नसते.

1925 हे या इतिहासातील कलाटणीचे वर्ष. त्या वर्षी विजेच्या मायक्रोफोनने तबकड्या भरण्यास प्रारंभ झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक जगापुढे मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे. त्यातून गाण्याच्या चढउतारांप्रमाणे वीज वाहते. वेटोळे पुढेमागे हलते. त्यास चिकटलेला शंकू हवा ढकलतो. आज दहा हजारांचा डबा घ्या वा दहा लाखांचा, आत बहुधा हेच वेटोळे आणि हाच शंकू असतो. शंभर वर्षांत चुंबक बदलले, शंकूचा कागद बदलला, डिंक बदलला. कल्पना तीच राहिली.

या शंकूवर स्वार होऊन नभोवाणी आली. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. आमचा मुलूख निझामाचा असल्याने आमच्याकडे वेगळी वाट. हैदराबादेस 1935 मध्ये निझाम सरकारची नभोवाणी सुरू झाली, औरंगाबादेसही तिचे केंद्र होते, आणि 1950 साली ती व्यवस्था आकाशवाणीने आपल्या ताब्यात घेतली. शेजारच्या परभणीस आकाशवाणीचे केंद्र 1968 साली झाले. ज्या घरी रेडिओ असे त्या घरी तो लाकडी देव्हाऱ्यासारखा फळीवर मांडलेला, वर क्रोशाचा रुमाल घातलेला असे, आणि पोस्टात वार्षिक परवान्याची फी भरावी लागे. या लाकडी रेडिओचा आवाज आजही ज्येष्ठ माणसे डोळे मिटून आठवतात. ‘तसा गोडवा आता नाही,’ असे म्हणतात. त्यात आठवणीचा भाग किती आणि खरेपणाचा किती? आमच्या मते दोन्ही आहेत. मध्यम लहरींवरून पाच हजार कंपनांच्या पलीकडचे फारसे येतच नसे. त्यामुळे कर्कशपणास वावच नव्हता. टाळांची किणकिणही त्याबरोबरच गेली, हे मात्र कोणी आठवत नाही. सहा-आठ इंचांचा एकच शंकू सगळा गळा एकट्याने बोलून दाखवी; स्वराचे तुकडे पाडून एक तुकडा या शंकूस व दुसरा त्या शंकूस, अशी वाटणी नव्हती. मानवी आवाजास हे फार मानवते. 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गीतरामायण गाजले, त्यास गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचा कंठ कारण होता हे खरेच. पण तो हळुवार कंठ आणि तो लाकडी रेडिओ यांची जातकुळी एक होती, हेही खरे आहे.

याच सुमारास दुसरा एक ध्वनिक्षेपक आपल्या कानांवर संस्कार करीत होता. तो म्हणजे भोंगा. लोकमान्य टिळकांनी हजारोंच्या सभा उघड्या आवाजावर गाजविल्या. बालगंधर्वांची नाटके मायक्रोफोनवाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली. त्यांच्या कंपनीत तबल्यास अहमदजान थिरकवा बसत, त्यांनाही यंत्राची गरज पडली नाही. 1930 नंतर चित्र पालटले. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओने काँग्रेसच्या अधिवेशनांस ध्वनिक्षेपक पुरविले आणि लाखोंच्या समुदायास गांधीजींचा क्षीण आवाज ऐकू येऊ लागला. भोंग्याचे हे ऋण लहान नाही. शेतात, बाजारात, जत्रेत, बाबासाहेबांच्या जयंतीस, सप्त्याच्या मंडपात, जेथे छप्पर नाही आणि भिंत नाही, तेथे शब्द दूर फेकावयाचा तर भोंग्यासारखे दुसरे साधन नाही. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या खड्या आवाजाच्या गायकाचे गाणे भोंग्यातून कोसभर जाते आणि प्रत्येक शब्द कळतो. ज्या लोकांस नाट्यगृहाचे दार उघडे नव्हते, त्यांच्या दारी गाणे भोंग्यानेच नेले.

पण भोंगा तीनशेपासून चार-पाच हजार कंपनांपर्यंतच बोलतो. तो शब्द फेकणारे यंत्र आहे, स्वर जोजविणारे नव्हे. आणि दोन पिढ्या भोंगा ऐकल्यामुळे ‘मोठा तो चांगला’ असा एक समज आमच्या कानात रुजला. बाजाराने तो ओळखला. 1980 नंतर कॅसेटचा सुकाळ झाला, तालुक्याच्या गावी टेपरेकॉर्डर विकावयास आले, आणि त्यांच्या अंगावर ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजार-हजार वॅटचे आकडे झळकू लागले. त्या आकड्यांस काहीएक अर्थ नव्हता. क्षणाच्या एखाद्या अंशापुरती कल्पिलेली ती शक्ती. सतत मिळणारी शक्ती त्याच्या शतांशही नसे. खरी गोष्ट अशी की, दहा बाय बाराच्या खोलीत बेताने गाणे ऐकताना एक वॅटदेखील पुरतो. आवाज कानास दुप्पट वाटावा म्हणून शक्ती दुप्पट करून भागत नाही. ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून पन्नास वॅटचा डबा आणि शंभर वॅटचा डबा यांत ऐकणारास जो फरक जाणवतो तो अगदी थोडा. खरेदीच्या पावतीत मात्र तो चांगलाच जाणवतो!

घरातल्या डब्याची प्रगती मुख्यतः 1948 नंतरची. त्या वर्षी लांब वेळ चालणारी तबकडी आली, दहा वर्षांनी दोन बाजूंच्या आवाजाची, म्हणजे स्टिरिओ तबकडी आली. मधल्या काळात, 1954 मध्ये, एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थाने शंकू हवाबंद डब्यात बसवून, आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून, लहान डब्यातून खोल आवाज काढून दाखविला. डब्यास मोजून भोक ठेवले तर शंकूच्या मागची हवाही कामास लावता येते, ही युक्ती त्याआधीच ठाऊक होती. 1961 पासून थील आणि पुढे स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात त्याचे गणित बसविले. गणित बसल्यामुळे डबा सुताराच्या अंदाजातून सुटला. भोकाचा डबा कमी शक्तीत जास्त घुमतो. बंद डबा कमी घुमतो, पण ठोका संपला की थांबतो. तबल्याच्या श्रोत्याने हा भेद ध्यानात ठेवावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपले गाणे कोणते, आणि त्यास किती खालपर्यंत व किती वरपर्यंत जाणारा डबा लागतो?

ख्याल ऐकणाराने आपल्या आवडत्या गवयाचा सूर विचारावा. काळी एकच्या गवयाचा तंबोरा घ्या. जोडीच्या तारा 138 कंपनांवर, पंचम 104 च्या आसपास आणि खर्ज 69 वर. यापेक्षा खाली त्या मैफलीत कोणताही स्वर नाही. काळी चारची गायिका घ्या. तिची जोड 208 वर, आणि तिचा खर्ज 104 वर. म्हणजे पुरुषाचा पंचम जेथे वाजतो तेथे बाईंचा खर्ज वाजतो. याचा अर्थ असा की, सत्तर कंपनांपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा डबा ख्यालास पुरतो. तीस कंपनांपर्यंत उतरणाऱ्या, हत्तीएवढ्या सबवूफरसाठी ख्यालप्रेमी मनुष्य पैसे मोजतो तेव्हा तो कधीही न वाजणाऱ्या सुरांचे भाडे भरत असतो. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी 1970 नंतर आपल्या फिरत्या गाड्यांसाठी एक चिमुकला डबा सिद्ध केला होता, जेमतेम फूटभर उंचीचा. खाली तो ऐंशीच्या आसपासच दमतो. पण त्यातून मनुष्य बोलला तर पलीकडच्या खोलीत खराच कोणी बोलतो आहे असे वाटते. जगभरचे लोक तो अजून जपून ठेवतात. ख्यालाची गरज आणि या डब्याची कुवत यांचा मेळ आमच्या मते फार चांगला जमतो. तो डबा येथे मिळो न मिळो, तत्त्व तेच: मधला भाग सच्चा हवा.

कारण ख्यालाचा जीव मध्यात आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा ठेवून जो झंकार काढतात, तो असंख्य उपस्वरांचा मेळा असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांस या वाद्यांनी वेड लाविले होते. प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळण्यापूर्वी, 1920 च्या सुमारास, ते तंबोऱ्याच्या घोडीवर आणि तबला-मृदंगाच्या शाईवर लिहीत होते. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर बेसुरे असतात; मधोमध शाईचा थर दिल्याने ते तारेच्या उपस्वरांसारखे सुरेल होतात, हे त्यांनी दाखविले. आमच्या तबलजीच्या पूर्वजांनी जे कानाने साधले त्याची उपपत्ती विज्ञानाने नंतर लाविली. डब्याने या उपस्वरांच्या मेळ्यात दोन हजारांच्या आसपास खळगा पाडला, तर जवारी मरते आणि तंबोरा नुसता गुणगुणतो. दोन शंकूंच्या स्वस्त डब्यांत हा खळगा नेमका पडतो, कारण मोठ्या शंकूचे काम संपून लहान शंकूचे काम सुरू होण्याचा सांधा तेथेच असतो. सुताराच्या सांध्याप्रमाणे हा सांधाही कारागिराची परीक्षा घेतो.

भजनी माणसाची गरज याच्या दोन्ही टोकांस आहे. पखवाजाच्या डाव्या पुडीस ओली कणीक लावतात ती आवाज खाली उतरावा म्हणून, आणि टाळाचा नाद तर दहा हजार कंपनांच्याही वर चढतो. खाली चांगला सहा इंचांचा शंकू आणि वर न किंचाळणारा लहान शंकू, अशी जोडी त्यास हवी. टाळ वाजताना ‘किण्’ ऐवजी ‘च्छ’ असे ऐकू आले, तर तो डबा खुशाल परत करावा. कव्वालीच्या श्रोत्यासही हेच बहुतांशी लागू. फक्त त्यास टाळ्यांचा ठोका कोरडा आणि जवळ हवा.

जुन्या तबकड्यांवर प्रेम करणाऱ्यांस आम्ही उलटाच सल्ला देऊ. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई यांची जुनी ध्वनिमुद्रणे आता मोबाईलवरही सापडतात. मूळ मुद्रणात पाच-सहा हजारांच्या वर गाणे जवळजवळ नाही, खरखर तेवढी आहे. वर बारीक झळाळी असलेला महागडा डबा आणला तर तो खरखर सोन्याच्या ताटात वाढतो. यांच्यासाठी एकशंकूचा साधा डबाच बरा. जुना लाकडी रेडिओ माळ्यावर पडला असेल आणि त्याचा शंकू फाटला नसेल, तर जाणत्या कारागिराकडून तो दुरुस्त करून घ्यावा.

सिनेसंगीताविषयी फार बोलावयास नको. ‘शोले’ 1975 साली सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर अनेक मार्गी आवाजासह आला, 1992 च्या ‘रोजा’नंतर गाण्यातील खालचा ठोका हाच गाण्याचा कणा झाला. ज्यास हेच मुख्यत्वे ऐकावयाचे आहे त्याने सबवूफर अवश्य घ्यावा. त्याच्या गाण्यात चाळीस-पन्नास कंपनांचे स्वर खरोखरच आहेत.

येथपर्यंत डब्याचा विचार झाला. पण डबा खोलीत वाजतो, आणि आमच्याकडच्या खोल्या एका पिढीत बदलल्या. जुने माळवदाचे घर आठवा. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, खाली शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात धान्याची पोती, वळचणीस वाकळांची चळत. असे घर आवाज पिऊन टाकते. त्या घरात किंचित प्रखर डबाही सौम्य लागे. आता स्लॅबचे घर, गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती आणि चकचकीत फरशी. टाळी वाजवा, ती चारदा परत येते. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे 47 कंपनांचा स्वर दोन भिंतींच्या मध्ये कोंडून घुमतो, आणि त्याच्या दुपटीचा, 94 कंपनांचा, स्वरही तसाच घुमतो. डग्ग्याचा घुमारा नेमका याच टापूत येतो. म्हणून नव्या घरात तबला ‘बुम बुम’ करतो आणि यजमान डब्यास शिव्या देतात. डबा भिंतीस चिकटवून कोपऱ्यात ठेवला की हा दोष वाढतो. तो भिंतीपासून दोन हात पुढे ओढावा, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आणावा, समोरच्या भिंतीवर आजीची एक वाकळ टांगावी. पाहुणे हसतील, पण गाणे स्वच्छ होईल. बारीक सुरांची ठणठण वाकळ पिते, खालचा घुमारा मात्र ती फारसा पीत नाही. त्यावर डबा हलविणे हाच उपाय.

दुकानात परीक्षा कशी घ्यावी, हे सांगणे राहिले. दुकानदार त्याचे ठरलेले गाणे, त्याच्या ठरलेल्या मोठ्या आवाजात लावतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवून दिले की, आवाज लहान असला की आपल्या कानास खालचे सूर फार कमी ऐकू येतात. तो मोठा केला की तेच सूर उठून येतात. म्हणजे दोन डब्यांपैकी जो जरा मोठ्याने वाजेल तोच भरदार भासणार. यासाठी दोन्ही डब्यांचा आवाज सारखा करून घ्यावा आणि मग तो आपण घरी ठेवतो तेवढाच लहान करावा. गाणे आपलेच न्यावे, पाठ असलेले न्यावे. त्याहून चांगली कसोटी म्हणजे घरच्या माणसाचा बोलण्याचा आवाज. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचे अभियंते असेच करीत; एकदा सहकाऱ्यास प्रत्यक्ष बोलावयास लावीत, एकदा तोच आवाज डब्यातून ऐकत. आज प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आवाज भरण्याची सोय आहे. आईचे दोन वाक्यांचे बोलणे भरून न्यावे आणि दुकानात लावावे. आई नाकात बोलत असेल, घशात बोलत असेल किंवा डब्याच्या तळातून बोलत असेल, तर तो डबा गवयासही तसाच बोलावयास लावील. या परीक्षेस घाई चालत नाही. अर्धा तास ऐकूनही कान शिणला नाही, तो डबा योग्य.

एकाच घरात आजोबांस हरिपाठ, वडिलांस नाट्यगीत आणि मुलास नवे चित्रपटगीत हवे असेल तर काय करावे, असा प्रश्न येतो. एका डब्यात तिघांस राजी करावयाचे तर मधला भाग सच्चा असलेली दोन डब्यांची जोडी आधी घ्यावी आणि खालचा ठोका हवा असेल त्याने वेगळा सबवूफर पुढे कधी तरी जोडावा. तो बंद करण्याची कळ मात्र आजोबांच्या हाताजवळ असू द्यावी. उलट क्रमाने, म्हणजे आधी ठोका आणि मग सूर, अशी खरेदी करू नये. आणि रात्रीचे भान ठेवावे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, वर्षातील मोजके सणाचे दिवस तेवढे वगळून. घरातला डबा बंद दाराआड असला तरी खालचा ठोका भिंत ओलांडतो, सूर ओलांडत नाही. शेजाऱ्यास आपला मारवा ऐकू येत नाही, नुसता डग्गा ऐकू येतो. ख्यालाचा श्रोता रात्री अकरास सत्तर कंपनांचा लहान डबा, कान आणि डबा यांत चार हात अंतर ठेवून ऐकत बसला, तर शेजारी झोपलेला राहतो आणि तंबोऱ्याची जवारीही पुरी ऐकू येते.